चाहूल लागते

अण्णा संध्याकाळी पेपर वाचतात. सकाळी एकदा वाचून झालेलाच. सकाळी बातम्या आणि संध्याकाळी अग्रलेख, अशी त्यांची कित्येक वर्षांची वाटणी आहे. खिडकीजवळच्या आरामखुर्चीत ते एकदा टेकले की पान उलटण्यापुरता हात हलतो. अग्रलेख जड असला तर तोही नाही. गेल्या वर्षी मी हॉलमध्ये आपोआप लागणारा आणि विझणारा दिवा बसवला, तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या सवयी धरल्या होत्या. ही एक धरायची राहिली. पहिल्याच संध्याकाळी, अग्रलेख अर्ध्यावर असताना, दिवा गेला. अण्णांना वाटलं, वीज गेली. पण पंखा तर फिरत होता. काय झालं ते बघायला त्यांनी मान वर केली, आणि मान वर करताच दिवा आला.

चार दिवसांत त्यांनी आपला आपण उपाय शोधून काढला. पेपरातून डोळे न काढता ते दर सात-आठ मिनिटांनी उजवा हात डोक्यावर न्यायचे आणि दोनदा हलवायचे. माझी मुलगी म्हणाली, "आजोबा विमान पार्क करतायत." पुढे ती सवय इतकी अंगवळणी पडली, की सोसायटीच्या बाकावर बसलेले असतानाही मधूनच त्यांचा हात वर जाऊ लागला. एके दिवशी मी कामावरून आलो, दार उघडलं, तर हॉलमध्ये काळोख. खुर्चीतून आवाज आला, "आहे रे, आहे मी! अजून आहे!" हात हलला. दिवा लागला.

मग दिव्याकडे बघत ते म्हणाले, "बँक हयातीचा दाखला वर्षातून एकदा मागते, नोव्हेंबरात. हा तुझा दिवा दर आठ मिनिटांनी मागतो."

सगळे हसलो. रात्री मात्र मला ते हसू पचेना. पस्तीस वर्षं ज्यांनी ऑफिसच्या मस्टरवर सही केली, त्या माणसाला आता स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत हजेरी द्यावी लागत होती. आणि मस्टर मीच आणून ठेवलं होतं.

*

तसं पाहिलं तर त्या सेन्सरची काही चूक नव्हती. उकडलेलं अंडं मधोमध कापून छताला चिकटवावं तसा तो पांढरा घुमट आता जिन्यात, बँकेत, हॉटेलच्या पॅसेजमध्ये सगळीकडे दिसतो. त्याला पीआयआर म्हणतात. तो स्वतः काही सोडत नाही. आपल्या अंगातून उष्णतेचा जो न दिसणारा उजेड सतत बाहेर पडत असतो, तो नुसता झेलतो. घुमटावर बारीक बारीक भिंगं असतात, ती खोलीचे पट्टे पाडतात. उष्णतेचा ठिपका एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकला की आत फरक नोंदला जातो आणि सेन्सर म्हणतो, कोणीतरी आलं. ठिपका सरकला नाही तर फरक नाही, आणि फरक नाही तर कोणीच नाही. म्हणजे त्याला माणूस कळत नाही; माणसाची ये-जा कळते. एप्रिल-मे महिन्यांत खोलीच अंगाइतकी तापली, की तेही नीटसं कळेनासं होतं. जिन्यासाठी तो उत्तम, कारण जिन्यात बसायला कोणी जात नाही. पण घर ही जागा मुळात बसायची आहे. जो हलतो तोच आहे, हे तत्त्वज्ञान घराबाहेर पुष्कळ ठिकाणी चालतं. ते मी घरात आणून ठेवलं होतं.

तपकीर गल्लीतल्या ओळखीच्या दुकानदाराला हे सगळं सांगितलं. बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे पुण्यातल्या सोल्डरिंग करणाऱ्या सगळ्या हौशी मंडळींचं पंढरपूर. त्याने ऐकून घेतलं, खण उघडला आणि काउंटरवर एक हिरवी पट्टी ठेवली. "राडार लावा," तो म्हणाला. राडार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे युद्धनौका आली, विमानतळ आला, पावसाळ्यात टीव्हीवर दाखवतात ते ढगांचं रंगीत चित्र आलं. हा राडार टपालाच्या तिकिटाएवढा होता आणि दोन साध्या थाळ्यांच्या पैशात येत होता. पैसे देऊन निघालो, तेव्हा त्याने मागून हाक मारली, "साहेब, पंख्यापासून जपा!" त्या वाक्याचा अर्थ कळायला मला आठवडा लागला.

ही हिरवी पट्टी गप्प बसत नाही. ती २४ गिगाहर्ट्झचे तरंग खोलीत सोडत राहते आणि परत येणारा पडसाद ऐकत राहते. ते ऐकण्याची तिची रीत मला फार आवडली. एखादा गवई सा पासून एकसंध वर चढत जावा, तशी ती आपला सूर चढवत नेते. समोरच्या वस्तूवर आपटून सूर परत येतो तोपर्यंत गवई पुढे गेलेला असतो. परत येणारा सूर मागच्या श्रुतीवरचा असतो. गाता सूर आणि परतलेला सूर यांत जितकं अंतर, तितकी वस्तू लांब. तीन मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत जाऊन यायला त्या तरंगाला सेकंदाचा पाच कोटीवा भाग लागतो. तेवढ्यातही गवई थोडा पुढे सरकलेला असतो, आणि तेवढं अंतर तिला पुरतं.

पण पडसाद तर अण्णांचाही येतो आणि त्यांच्या मागच्या लोखंडी कपाटाचाही. उलट कपाटाचा जास्तच खणखणीत येतो. मग दोघांत फरक कसा करायचा? तर कपाट श्वास घेत नाही. या तरंगाची लांबी साडेबारा मिलिमीटर. श्वास घेताना माणसाची छाती काही मिलिमीटर पुढे येते आणि मागे जाते. आपल्याला ते दिसतही नाही, पण साडेबारा मिलिमीटरच्या पट्टीने मोजणाऱ्याला काही मिलिमीटर म्हणजे भरपूर झाले. कपाटाचा पडसाद दर वेळी जसाच्या तसा येतो. अण्णांचा दर वेळी किंचित पुढेमागे होऊन येतो. खोलीतलं जे जे अजिबात बदलत नाही ते ती सामान समजते. जे बदलतं, ते कोणीतरी.

या तरंगांशी आपली ओळख जुनी आहे. १८९०च्या दशकात कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस अडीच सेंटिमीटरपासून थेट पाच मिलिमीटरपर्यंत लांबीचे तरंग निर्माण करत होते. माझ्या पट्टीचा साडेबारा मिलिमीटरचा तरंग त्यांच्याच टप्प्यातला. आणि पाच मिलिमीटर म्हणजे ६० गिगाहर्ट्झ, आजचे जरा भारीतले सेन्सर वापरतात ते. बोसांनी ते तरंग भिंतीपलीकडे पाठवून तिथली घंटा वाजवून दाखवली होती. १८९७च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी याच कामावर व्याख्यान दिलं. त्यांची काही साधनं बघितली तर घरातल्या अडगळीतून उचलल्यासारखी वाटतात. एका दिशेला कंप पावणारे तरंग तेवढे वेगळे काढायला त्यांनी मुरडलेला ताग वापरला, आणि रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक वापरलं, पानांच्या मध्ये वर्ख घालून. पुढे तेच बोस वनस्पतींकडे वळले. रोपाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी बनवला, लाजाळूच्या पानांना चटके देऊन ती केव्हा आणि कशी मिटतात ते मोजलं. तरंगांचं काम एकीकडे आणि झाडांचं दुसरीकडे, असं त्यांच्या आयुष्याचे दोन भाग करून सांगायची पद्धत आहे. अण्णांच्या खुर्चीसमोर हा सेन्सर लावत असताना मला ते एकच काम वाटायला लागलं. स्तब्ध दिसणारं मुळात स्तब्ध नसतं, आपली मोजपट्टी जाडी असते.

*

रविवारी दुपारी उद्घाटन झालं. सेन्सरला जोडलेल्या छोट्या बोर्डावरून आकडे लॅपटॉपवर येऊ लागले. अण्णा खुर्चीत बसले आणि पडद्यावर उमटलं: स्थिर लक्ष्य, आहे. अंतर २१० सेंटिमीटर. राडारचं मूळ घराणं लष्करातलं, त्यामुळे तो समोर येईल त्याला लक्ष्य म्हणतो. वडिलांना लक्ष्य म्हणणं मला बरं वाटेना. मी ते नाव खोडून तिथे "अण्णांची खुर्ची" असं लिहिलं.

"आजोबा, आता श्वास रोखा," मुलीने फर्मान काढलं. अण्णा रोज प्राणायाम करतात. त्यांना आव्हान पुरेसं होतं. त्यांनी कुंभक लावला. पडद्यावरचा हालचालीचा आकडा उतरू लागला: ७०, ५५, ३०. दिवा मात्र गेला नाही.

"का नाही गेला?" श्वास सोडून त्यांनी विचारलं.

"कारण त्याला सांगून ठेवलंय, काहीच जाणवलं नाही तरी दोन मिनिटं थांब. लगेच नाही म्हणू नकोस."

"म्हणजे दोन मिनिटं श्वास थांबला तर जाईल."

"हो."

"मग जायला हरकत नाही," अण्णा म्हणाले आणि पेपर उघडला.

या कामात पडल्यावर कळलं, की "आहे" म्हणणं सोपं असतं. अवघड असतं ते "नाही" म्हणणं. एक श्वास टिपला की "आहे" सिद्ध. "नाही" सिद्ध करायला मात्र वाट पाहावी लागते, आणि ती किती पाहायची याचं उत्तर यंत्राकडे नसतं, बसवणाऱ्याला द्यावं लागतं. पूर्वी दारात आलेला माणूस "आहे का कोणी घरात?" अशी हाक तीनदा द्यायचा आणि मगच मागे वळायचा. त्या तीन हाका म्हणजे माझी ही दोन मिनिटंच.

आणि मग पंखा आला. मार्चअखेरीला उकाडा वाढला, पंख्याचा वेग वाढला, आणि आमचा हॉल चोवीस तास भरलेला दिसू लागला. राडारच्या लेखी छताला टांगलेली तीन पाती म्हणजे एक अतिशय उत्साही माणूस. पंखा बंद केला तर खिडकीतल्या वाऱ्याने पडदा हलायचा. तोही एक माणूस. बायको म्हणाली, "रात्री दोनला हॉलमध्ये दिवा लागतो आणि तुझं यंत्र म्हणतं कोणीतरी आहे. तू शांत झोप. मला भीती वाटते."

उपाय असा होता, की हा सेन्सर खोलीचे पाऊण पाऊण मीटरचे पट्टे पाडतो आणि दर पट्ट्याला किती हालचाल झाली म्हणजे मोजायची, हे आपल्याला वेगवेगळं ठरवता येतं. त्याला ते लोक थ्रेशोल्ड म्हणतात. आपला उंबरठाच तो. मी सेन्सर छताखालून काढून कमरेच्या उंचीवर आणला, त्याचं तोंड खुर्च्यांकडे वळवलं आणि पडद्याच्या पट्ट्याला उंच उंबरठा घातला. चार संध्याकाळी त्यात गेल्या. ते करताना सारखा आमचा वाईचा वाडा आठवत होता. तिथेही माणूस कुठवर आला यावर त्याचं असणं ठरायचं. दूधवाला देवडीपर्यंत, ओळखीचे ओसरीपर्यंत, नातेवाईक माजघरापर्यंत. आणि स्वयंपाकघराचा उंबरठा तर सोवळ्याशिवाय घरच्यांनाही ओलांडता येत नसे. दर पट्ट्याला वेगळा उंबरठा घालायची ही पद्धत आजीला एका मिनिटात कळली असती.

पंखा मिटला तर भिंत उभी राहिली. आमच्या हॉलमध्ये आणि मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत प्लायवुडचं पार्टिशन आहे. राडारला प्लायवुड म्हणजे मलमलीचा पडदा. ती आत गणितं सोडवत बसली, की बाहेरच्या रिकाम्या हॉलमध्ये दिवा तेवत राही. "म्हणजे मी एकदम दोन खोल्यांत आहे?" तिने विचारलं. तिला त्याचा आनंद झाला. मी मात्र जरा दचकलो. भिंतीपलीकडचा श्वास इकडे मोजला जातो, ही गोष्ट दिव्यापुरती राहणार नाही असं वाटलं.

*

वाड्यात माजघर आणि शेजारची खोली यांच्यामध्ये कुडाची भिंत होती. कारवीच्या काड्या आणि वर शेणमातीचा लेप. तिच्या पलीकडचं सगळं अलीकडे यायचं: कुशीवर वळणं, बांगड्या, दबलेलं हसणं, दबलेलं रडणं. सोळा माणसांच्या त्या घरात कोणाला कोणाची चाहूल लागत नाही असा एक क्षण नसायचा. आणि तरी कोणाच्या अंगावर कोणी येत नसे, कारण चाहुलीच्या भोवती रीतींचं एक दाट कुंपण होतं. आजोबा माजघरात येण्याआधी ओसरीवरच खाकरायचे. त्यांचा घसा ठणठणीत होता. ते खाकरणं आत बसलेल्या सुनांसाठी होतं. न्हाणीघराला कडी नव्हती. काका आत मोठ्याने अथर्वशीर्ष म्हणायचे. ते चालू आहे तोवर तिकडे कोणी फिरकायचं नाही, आणि ते थांबलं की आजीने त्यांचं पान वाढायला घ्यायचं. मी येतोय, मी आहे, हे ज्याचं त्याने सांगायचं. आणि जे आपल्याला सांगितलेलं नाही, ते कानावर पडलं तरी पडलेलं नाही.

लग्न होऊन आलेली धाकटी काकू एका रात्री त्या भिंतीपलीकडे बराच वेळ रडत होती. सकाळी कोणी काही विचारलं नाही. दुपारी आजी म्हणाली, "बरेच दिवसांत आईकडे गेली नाहीस. चार दिवस जाऊन ये." एवढंच. या घराण्याच्या शहाणपणाचे फार गोडवे गाऊ नयेत हेही खरं. त्याच भिंतीआडून आणखी पुष्कळ काही ऐकू आलं असेल, आणि ऐकून कोणी काहीच केलं नसेल. पण जिथे केलं, तिथे कळल्याची वाच्यता न करता केलं.

मराठीने हे सगळं क्रियापदांत बरोबर लावून ठेवलंय. चाहूल लागते. तहान लागते, ठेच लागते, तशी. आपण काही करत नाही. कानोसा घ्यावा लागतो. तिथे आपण कान पुढे केलेला असतो. माग काढतात, त्याला चालावं लागतं. आणि पाळत ठेवतात. ती ठेवायची म्हटली की वही आली, वेळा आल्या. शब्द चार, पण कळणारी गोष्ट एकच: कोणीतरी आहे. माझ्या हिरव्या पट्टीला यांतला फरक कळायचं कारण नव्हतं. तो मला कळायला हवा होता.

*

हॉलमध्ये जमलं म्हणून मी दुसरा सेन्सर स्वयंपाकघरात लावला. हेतू चांगला होता. आई-अण्णा रात्री पाणी प्यायला उठतात, अंधारात चाचपडू नयेत म्हणून पाऊल टाकताच मंद दिवा लागावा. दिवा लागू लागला. आईने "छान केलंस" म्हटलं. सेन्सरचे आकडे घरच्याच एका छोट्या संगणकात जातात, बाहेर कुठे नाही. तेव्हा त्या बाबतीत मी निश्चिंत होतो. कॅमेरा नाही, माइक नाही, चेहरा नाही. बाथरूममध्येही लावता येतो असा हा सेन्सर, यात कसलं आलंय गुपित, असं मी चार जणांना सांगतही होतो.

एका सुट्टीच्या सकाळी दिवा उशिरा विझतोय का ते बघायला मी आलेख उघडला. त्या संगणकाला काही सांगितलं नाही तर तो दहा दिवसांची नोंद आपणहून ठेवतो. दहा दिवसांच्या दहा पट्ट्या एकाखाली एक लागल्या होत्या, आणि त्यांतल्या आठ पट्ट्यांवर एकाच जागी एक छोटा डोंगर होता. पहाटे दोन चाळीसच्या आसपास स्वयंपाकघरात कोणीतरी येतं. पाणी प्यायला दोन मिनिटं लागतात. हा डोंगर पंधरा-वीस मिनिटांचा होता, आणि त्यातली बहुतेक मिनिटं "स्थिर".

चेहरा नव्हता, हे खरं. पण चार मोठी माणसं आणि एक मूल असलेल्या घरात, पहाटे पावणेतीनला स्वयंपाकघरात निवांत बसणारं माणूस कोण, हे सांगायला चेहरा कशाला लागतो? मला ते लगेच कळलं. आणि कळल्याबरोबर वाटलं, की आपण कोणाची तरी ट्रंक उघडली आहे.

मन मोठं हुशार असतं. त्याने ताबडतोब कारणं पुरवली. अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर. साखर काठावर. झोप लागत नसेल, छातीत काही होत असेल, उद्या तिथे पडले तर? हे कारण खोटं नाही. माणूस पडला की कळवणारे राडार आहेत, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्यांचा खरा आधार होऊ शकतो. पण पडल्याची वर्दी ही आत्ताची गोष्ट असते. तिला मागच्या मंगळवारची नोंद लागत नाही. दिव्यालाही लागत नाही. दिव्याला एवढंच कळायला हवं, की आत्ता कोणी आहे का. काल कोण होतं, किती वेळ होतं, हे दिव्याने लक्षात ठेवून करायचं काय? ती नोंद दिव्यासाठी नव्हतीच. ती माझ्यासाठी होती. आणि ती मागितली नव्हती, तरी मिळाल्यावर मी ती वाचत बसलो होतो.

तरी राहवेना. दुपारी आई भाजी निवडत होती, तिच्याजवळ जाऊन बसलो. "अण्णांना हल्ली झोप लागत नाही का गं?"

"का रे?"

"सहज."

तिने माझ्याकडे बघितलं, मग ओट्यावरच्या कोपऱ्यातल्या सेन्सरच्या त्या पांढऱ्या डबीकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे. "त्याने सांगितलं होय तुला?"

मी गप्प.

"रात्री उठतात. दाणे आणि गुळाचा खडा खातात. इथे स्टुलावर बसून. वर्षं झाली त्याला. गुळाच्या डब्याचं झाकण घट्ट आहे, ते वाजतं."

"तुला माहितीय? मग कधी बोलली नाहीस त्यांना?"

"काय बोलायचं?" मेथीची जुडी तिने दुसऱ्या हातात घेतली. "दिवसभर गोडाला नाही म्हणतात बिचारे. पूर्वी ढेप फोडली की लिंबाएवढे खडे ठेवायची. आता सुपारीएवढे ठेवते. दाणे पुढे ठेवते, गूळ मागे." मग जरा थांबून, "तू आणि विचारू नकोस हां त्यांना. त्यांना वाटतं, कोणाला माहीत नाही."

मी उठलो तेव्हा ती त्या डबीकडे बघून म्हणाली, "चुगलखोर आहे हो मेला."

मेला सेन्सर की मी, हे मी विचारलं नाही. तिलाही चाहूल लागलीच होती, रोज लागत होती, आणि कोणत्याही राडारपेक्षा अचूक. झाकणाच्या आवाजावरून तिला माणूस, वेळ, पदार्थ आणि कारण, चारही कळलं होतं. त्या कळण्याचं तिने काय केलं? खडे लहान केले. तिच्याकडची सगळी नोंद त्या सुपारीएवढ्या खड्यांत होती.

संध्याकाळी मी संगणक उघडला आणि त्याच्या फाइलमध्ये तीन-चार ओळी घातल्या. स्वयंपाकघर, बाथरूम, झोपायच्या खोल्या, इथलं काही टिपून ठेवायचं नाही. आत्ता कोणी असेल तर दिवा लाव. गेलं की विझव आणि विसर. हॉलचंही काढून टाकलं. मग जुने दहा दिवस पुसले. आलेखाच्या जागी कोरी पट्टी आली. दिव्यांच्या वागण्यात काडीचाही फरक पडला नाही. आजोबांच्या खाकरण्याला या चार ओळींपेक्षा जास्त जागा लागत नसे.

अण्णांची संध्याकाळ आता निर्वेध जाते. अग्रलेख कितीही जड असो, दिवा जात नाही. हात वर जायची सवय मात्र पुरती गेलेली नाही. मधूनच जातो, मग त्यांच्या लक्षात येतं आणि ते त्याच हाताने चष्मा सारखा करतात. नोव्हेंबरात बँकेत जाऊन आले. म्हणाले, "तिथे अजून हलून दाखवावं लागतं."

परवा रात्री मला जाग आली. घशाला कोरड पडली होती. पॅसेजमध्ये आलो, तर स्वयंपाकघराच्या दारातून मंद उजेड येत होता. किती वाजले होते ते मी बघितलं नाही. दोन पावलं मागे आलो आणि खाकरलो. आजोबांसारखं, घसा ठीक असताना.

आत झाकण वाजलं. मग अण्णांचा आवाज, "कोण रे?"

"मी. पाणी प्यायला."

"ये ना."

ते स्टुलावर बसले होते, समोर पाण्याचा पेला. मी माठातलं पाणी घेतलं. उकाड्याबद्दल दोन वाक्यं बोललो. ओट्यावर शेंगदाण्यांची चार-पाच लाल सालं पडली होती. मी पाणी प्यायलो, पेला विसळून पालथा घातला आणि परत येऊन झोपलो.